कवडीसाठी जागा

बागमांडल्याच्या जेटीवर तिकीटवाला
दरांचा फळा वाचत राहिला वरून खाली :
सायकल, दुचाकी, रिक्षा, जीप, टेम्पो, बस.
घोडी नव्हती त्यात.
शेवटी त्याने रिक्षाचं तिकीट फाडलं.
म्हणाला, तीन चाकांचे घेतो, चौथा पाय माफ.
आणि कवडीने खाडी ओलांडली
रिक्षा होऊन,
कान मागे पाडून, डिझेलचा धूर हुंगत.

श्रीवर्धनात गिऱ्हाईक उरलं नव्हतं.
गुहागरच्या वाळूवर दिवाळीची गर्दी गाठायची.
मधे चार मुक्काम.

माझ्यापाशी बापाची वही आहे, टांग्याच्या दिवसांची :
कुठल्या गावात विहीर गोडी, कुठे गवत उधार मिळतं,
कुठला खोत रात्री उठून खरारा बघायला येतो.
त्यातल्या निम्म्या जागी आता
पोहण्याचे तलाव आहेत.

केळशीत पाटी होती :
घरगुती जेवण, एसी रूम, पार्किंगची सोय.
मी म्हटलं, पार्किंग हवंय.
मालक हसला. मग अंगणात डोकावला
आणि हसायचा थांबला.

आड्याच्या सुरूच्या बनात तंबूच तंबू,
निळे, नारिंगी, बल्बांच्या माळा,
फाटकावर लिहिलेलं : निसर्गाच्या कुशीत एक रात्र.
मॅनेजर पोरगेला, नम्र.
सर, गेस्टना वास येतो.
कवडीने त्याच क्षणी
निसर्ग टाकला त्याच्या बुटांपाशी,
वाफाळता.

एका घोडीला अशी किती जागा लागते?
दोन हात इकडे, दोन हात तिकडे.
डोक्यावर छप्पर नसलं तरी चालतं.
पायाखाली वाळू नको, ओल नको,
आणि सकाळी किती वाजता निघणार
असं कुणी रात्रीच विचारू नये.

अंधार पडला. डावीकडे जांभ्याचे गडगे,
उजवीकडे भरती.
मी उतरून चालत होतो,
तिच्या एका पायाचा आवाज
बाकीच्या तिघांत मिसळत नव्हता.

आडखळच्या वळणावर ती आपणहून थांबली.
नव्या पेंढ्याचा वास असणार.
फणसाखालून बॅटरी आली,
माझ्या तोंडावर नाही,
कवडीच्या खुरांवर.
पुढल्या उजव्याचा नाल सुटलाय, बाई म्हणाल्या,
पुलापासून ऐकतेय मी.
आधी तिला पानी दाखव. मग तुझं नाव सांग.

रुकय्या परकार.
गोठा घराला लागून. दोन खुंटे,
मानांनी घासून घासून गुळगुळीत.
बैल गेल्या वर्षी विकले, पोराने टिलर आणला.
चांगला आहे टिलर, त्या म्हणाल्या,
पण रात्री श्वास घेत नाही.

मी पैसे विचारले.
लीद टाकून जा, अबोलीला होईल.
आणि थोड्या वेळाने, आतून :
मधलं दार लोटू नको.

तोबरा काढला. पिछाडी बांधलीच नाही.
रात्रभर कवडी पेंढा चावत होती,
मधेच फुरफुरत,
एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.
दाराच्या पलीकडे कूस बदलल्याचा आवाज,
पुन्हा एकदा,
मग बराच वेळ काही नाही,
मग घोरणं.
असं बिनघोर, खोल घोरणं
मी माणसाचं क्वचित ऐकलंय.

सकाळी चहाआधी वहीत लिहिलं :
आडखळ. वळणावरचा फणस.
विहीर गोडी, पेंढा यंदाचा,
कुत्रं एक, कामापुरतं भुंकतं.
हाक मारू नये.
घोड्याला रस्त्यावरून सावकाश चालवावं,
त्या पुलापासून ऐकतात.

भाड्याच्या रकान्याशी पेन अडलं.
कवडीने खांद्यावरून मान घालून
तिथे ओलं तोंड टेकवलं,
शाई फुटली जराशी.
मी वही तशीच उन्हात धरली,
वाळेपर्यंत.